‘पास’ : दोन अक्षरांची वाटचाल



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा मनापासून आभारी आहे. निमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींनी विषयाचे स्वातंत्र्य मला दिले होते. ‘सर, काहीतरी भारदस्त घ्या,’ एवढीच त्यांची सूचना होती. ज्ञानेश्वरी घ्यावी की संतकवींची शब्दकळा घ्यावी, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण मराठीच्या अध्यापनात आयुष्य घालवलेल्या माणसाला शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलायचे असेल, तर शाळेतल्याच एखाद्या शब्दाविषयी बोलावे, असे मनाने घेतले. असा शब्द शोधू लागलो आणि जो हाती आला तो अगदीच किरकोळ निघाला. दोन अक्षरांचा, परभाषेतून आलेला, तरी बालवाडीतल्या मुलापासून त्याच्या आजीपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेला. तो शब्द म्हणजे ‘पास’.

परभाषेतल्या शब्दाचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. आपण बसलो आहोत त्या वस्तीचेच नाव पाहा. निजामपुरा. यातला ‘निजाम’ अरबीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ व्यवस्था, सुसूत्रता. ‘पुरा’ हा संस्कृत ‘पुर’ या शब्दाचा वंशज. दोन दूरच्या भाषा एका पत्त्यावर सुखाने नांदत आहेत आणि त्या पत्त्यावर मराठी माणसे गुजराती शेजाऱ्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. शब्दांच्या कुळकथा सांगायला याहून योग्य जागा कोणती?

प्रथम या शब्दाचा आपल्या घरातला वावर पाहू. मुलगा दहावी पास होतो. कॉलेजात जाऊ लागला की त्याला बसचा पास लागतो. आणंदहून, भरूचहून रोज बडोद्यास येणारे ‘अपडाऊन’वाले रेल्वेचा पास काढतात. ज्यांचे वडील रेल्वेत आहेत त्यांच्या घरी उन्हाळ्याच्या सुटीत आणखी एका प्रकारचा पास येतो, आणि काशी-रामेश्वर होते. कचेरीत बिल पास होते, विधानसभेत ठराव पास होतो. नाटकाचे फुकट पास कोणाकडे मिळतील याची चौकशी होते. फुटबॉलच्या मैदानावर चेंडू पास करतात, आणि पत्त्यांच्या डावात बोली बोलायची नसली की खेळाडू ‘पास’ म्हणून मोकळा होतो. पूर्वी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झाल्यावर ‘मुलगी पास का?’ असा प्रश्नही विचारीत. हा प्रश्न आता ऐकू येत नसेल तर ती आनंदाचीच गोष्ट आहे.

एवढ्या निरनिराळ्या जागी एकच शब्द कसा पुरा पडतो? आणि हे सगळे ‘पास’ खरोखर एकच आहेत काय? येथे भाषेच्या अभ्यासकाला एक पथ्य पाळावे लागते. चेहरा सारखा दिसला म्हणून नाते जोडू नये, आणि चेहरा वेगळा दिसला म्हणून नाते तोडू नये. या पथ्याची परीक्षा पाहायला ‘पास’इतका चांगला शब्द दुसरा नाही.

इंग्रजी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे एक ‘पास’ होताच. ‘आसपास’, ‘जवळपास’ यांत तो आहे. ‘माझ्यापाशी’ यातला ‘पाशी’ आणि ‘घरापासून’ यातला ‘पासून’ हे त्याचेच गोतावळ्यातले. हिंदीत तो ‘पास’, गुजरातीत ‘पासे’. या सर्वांचे मूळ संस्कृत ‘पार्श्व’, म्हणजे कूस, बाजू. बरगड्यांजवळची जी जागा, ती पार्श्व. आईच्या कुशीतल्या मुलाहून जवळ कोण असणार? म्हणून कुशीचा वाचक शब्द जवळिकीचा वाचक झाला. हा आपला घरचा ‘पास’. त्याला आज व्याख्यानाच्या शेवटी पुन्हा बोलावायचे आहे, म्हणून त्याची ओळख लक्षात असू द्यावी.

दुसरा संस्कृत ‘पाश’. म्हणजे दोर, बंधन. मराठीने त्याच्या पहिल्या अक्षरात हकार घातला आणि ‘फास’, ‘फाशी’ हे शब्द केले. सोंगट्यांच्या खेळातला ‘फासा’ मात्र संस्कृत ‘पाशक’वरून आला. ‘पासष्ट’ या आकड्यातल्या ‘पास’चा यांच्यापैकी कोणाशीच संबंध नाही, तो ‘पंचषष्टि’तल्या पंचाचा अवशेष. ‘पैशाला पासरी’ या वाक्प्रचारातली पासरी हे पाच शेरांचे जुने वजन. तिच्यातही पाचच दडलेले आहेत. ‘अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो. तो पासंग फारसी आहे. तराजूची दोन पारडी सारखी करण्यासाठी हलक्या बाजूला जे लहानसे वजन बांधतात त्याला पासंग म्हणतात. त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. उर्दू गझला ऐकणाऱ्यांना ‘पासबान’ हा शब्द ठाऊक असेल. त्यातला फारसी ‘पास’ म्हणजे पहारा, राखण. एवढे सगळे ‘पास’ एका रांगेत उभे केले तर परगावचा माणूस त्यांना सख्खे भाऊ समजेल. प्रत्यक्षात त्यांच्यात फक्त नावाचे साम्य आहे.

आता शाळेतला ‘पास’. हा इंग्रजीतून आपल्याकडे आला, इंग्रजीत फ्रेंचमधून गेला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून उतरला. लॅटिनमध्ये ‘पासुस’ म्हणजे पाऊल. चालताना दोन पाय फाकतात, त्यांच्यात अंतर पडते. त्या अंतराचा वाचक हा शब्द. रोमन लोक जमीन पावलांनी मोजत. एक पाय उचलल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचे अंतर म्हणजे एक पासुस, सुमारे पाच रोमन फूट. अशी हजार पावले चालली की एक मजल झाली. हजाराला लॅटिनमध्ये ‘मिले’ म्हणतात. ‘मिले पासुस’, म्हणजे हजार पावले, यातला पुढचा भाग कालांतराने गळला आणि उरलेल्या ‘मिले’चा इंग्रजीत ‘माइल’ व आपल्याकडे ‘मैल’ झाला. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड दिसला तर तो हजार पावलांचा हिशेब आहे, आणि त्यातले पाऊल तुमच्या गुणपत्रिकेवर जाऊन बसले आहे, हे ध्यानात ठेवावे.

पाऊल टाकणे म्हणजे पुढे जाणे; पुढे जाणे म्हणजे ओलांडणे. येथून या कुटुंबाचा पसारा वाढला. डोंगराच्या रांगेतून पलीकडे जाण्याची वाट ती ‘पास’. आपण तिला खिंड किंवा घाट म्हणतो. ओलांडून जाणारा तो ‘पॅसेंजर’. बंदरातून पुढे जाऊ देणारे पत्र तो ‘पासपोर्ट’. जो काळ ओलांडून गेला तो ‘पास्ट’. वर्तुळ काढायला विद्यार्थी जो कंपास वापरतात, त्यातही पावलांनी अंतर मोजण्याचाच अर्थ आहे. कंपासाचे दोन पाय कागदावर टप्पे टाकीत जातात ते एकदा पाहा म्हणजे पटेल. आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलांसाठी आणखी एक नाते सांगतो. बडोद्याकडून खेळलेले झहीर खान आणि इरफान पठाण हे वेगवान गोलंदाज. त्यांच्या गोलंदाजीला इंग्रजीत ‘पेस’ म्हणतात. हा ‘पेस’ आणि परीक्षेतला ‘पास’ एकाच लॅटिन पावलाची दोन मुले आहेत. चेहरे थोडे वेगळे आहेत, पण रक्त एक आहे.

याच ठिकाणी लॅटिन भाषेने मोठा चकवा ठेवला आहे. ‘पासुस’ असेच हुबेहूब दिसणारे दुसरे एक रूप तिच्यात आहे. ते दुसऱ्या धातूचे असून त्याचा अर्थ ‘ज्याने सोसले तो’ असा आहे. त्या धातूपासून ‘पेशंट’ हा शब्द आला; जो सोसतो तो पेशंट. ‘पेशन्स’ म्हणजे धीर, तोही तेथलाच. ‘पॅशन’ या शब्दाचा जुना अर्थ येशू ख्रिस्ताच्या यातना असा आहे. पाऊल टाकणारा आणि सोसणारा या दोघांसाठी एका भाषेत एकच रूप असावे, हा निव्वळ योगायोग आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यातून काहीही सिद्ध होत नाही. पण परीक्षा दिलेल्या कोणत्याही माणसाला हा योगायोग अनोळखी वाटणार नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. सरकारी सहावीची परीक्षा द्यायची म्हणून कोकणातल्या मुरूडहून ते साताऱ्याला निघाले. ही १८७५च्या सुमाराची गोष्ट. शंभराहून अधिक मैल, सह्याद्री ओलांडून, पायी. रोमन हिशेबाने म्हणजे लाखाहून अधिक पावले झाली. या परीक्षेला बसायला सतरा वर्षांचे वय लागे. मूर्ती लहान, म्हणून साताऱ्याच्या अधिकाऱ्यांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिले नाही. पुढे ती परीक्षा त्यांनी दिली, पदवी घेतली, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी ते भारतरत्न झाले. पण मी विचारतो, साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतणारा तो मुलगा त्या दिवशी पास होता की नापास? कागदाच्या हिशेबाने दोन्ही नव्हता. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर एवढा पास झालेला विद्यार्थी त्या वर्षी साताऱ्यात दुसरा क्वचितच असेल.

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘पास’ला आपण ग्रांथिक मराठीत ‘उत्तीर्ण’ म्हणतो. पुष्कळांना हा शब्द कोरडा, सरकारी वाटतो. तो सोलून पाहिला तर आत पाणी लागते. ‘तॄ’ या संस्कृत धातूचा अर्थ पाण्यातून पार जाणे. त्याला ‘उद्’ हा उपसर्ग लागला की पाण्यातून वर येणे असा अर्थ होतो. जो नदी पोहून पलीकडच्या काठावर ओल्या अंगाने उभा आहे तो उत्तीर्ण. तरणे, तारणे, तारू हे शब्द याच धातूचे. वरून खाली येणारा अवतारही त्याचाच. एखाद्याने करून ठेवलेला गोंधळ आपण निस्तरतो, त्यातही पाण्यातून बाहेर पडण्याचीच धडपड आहे.

या धातूचे मराठीतले सर्वांत गमतीचे अपत्य म्हणजे ‘उतरणे’. मुळात अर्थ होता पाण्यातून वर येणे. नावेतून काठावर येणारा माणूस उतरतो. तेथून कोणत्याही वाहनातून पाय जमिनीवर ठेवणे म्हणजे उतरणे झाले, आणि शेवटी खाली येणे एवढाच अर्थ उरला. ज्या धातूने ‘उत्तीर्ण’ला वर चढवले त्यानेच ‘उतरणे’ला खाली आणले. बोटीतून, गाडीतून जाणारा तो उतारू. मराठीत उतारू, गुजरातीतही उतारू, आणि इंग्रजीत पॅसेंजर. आता ही जोडी जुळवून पाहा. इंग्रजीत ‘पास’ आणि ‘पॅसेंजर’ एका घरचे. आपल्याकडे ‘उत्तीर्ण’ आणि ‘उतारू’ एका घरचे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेत ‘खालील उतारा वाचून उत्तरे लिहा’ असे असते. त्या उताऱ्याला इंग्रजीत ‘पॅसेज’ म्हणतात, तोही ‘पास’च्याच घरचा. त्याच वाक्यातले ‘उत्तरे’ मात्र या घरातले नव्हे. ते ‘उद्’ला तुलनेचा ‘तर’ प्रत्यय लागून झालेले आहे, त्याचा ‘तॄ’ धातूशी संबंध नाही. पथ्याची आठवण पुन्हा करून देतो.

हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच कल्पना केली. एकीने डोंगराची वाट डोळ्यांसमोर ठेवली, दुसरीने नदीचे पाणी. दोघींनाही परीक्षा म्हणजे ओलांडण्याची गोष्ट वाटली. सभागृहात मंजूर झालेल्या विधेयकाला आपण ‘पारित’ म्हणतो आणि पासपोर्टला ‘पारपत्र’. तेथेही ‘पार’च आहे, म्हणजे पलीकडचा तीर. ‘कार्य पार पडले’ असे म्हणताना आपण नकळत एक नदी ओलांडतो. इंग्रजी अंमलापूर्वी मराठी मुलखात अशा कागदाला दस्तक, परवाना किंवा राहदारी म्हणत. ‘राह’ म्हणजे वाट. चालण्याचा अर्थ तेथेही सुटला नव्हता.

मग हा चालता शब्द एका जागी उभा कधी राहिला? मला वाटते, तो शिक्क्यावर चढला तेव्हा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ साली पहिल्या पदवीधरांत होते. त्यानंतरच्या काळात सरकारी नोकरीचे दार परीक्षेच्या कागदाने उघडू लागले. ‘व्हर्नाक्युलर फायनल पास’ ही नावापुढे लावण्याची पदवी झाली. मॅट्रिकच्या अलीकडे थांबलेल्या माणसाची ओळख ‘नॉनमॅट्रिक’ अशी होऊ लागली. जे केले त्यावरून माणसाचे नाव पडावे हे समजू शकते. जे राहून गेले त्यावरून त्याचे नाव पडू लागले. पूर्वी कोणी नदी ओलांडली असे म्हणत. आता माणसांचीच ओलांडलेले आणि न ओलांडलेले अशी वाटणी झाली.

याच काळात या बडोदे संस्थानात एक निराळा विचार चालू होता. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. त्या सक्तीचा रोख पाहण्यासारखा आहे. ती प्रथम मुलाला शाळेत आणून बसवण्याची सक्ती होती. चाळणी लावण्याआधी धान्य घरात आणले पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. शब्दांचाही त्याला सोस होता. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी इत्यादी भाषांतील प्रतिशब्द देणारा ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश येथे १९३१ साली प्रसिद्ध झाला. एकेका इंग्रजी शब्दापुढे इतक्या भाषा ओळीने उभ्या करण्यामागे एक श्रद्धा होती. राज्याचा शब्द प्रजेला कळला पाहिजे, ही ती श्रद्धा.

प्रजेच्या लेकरांना सर्वांत आधी कळणारा शब्द मात्र ‘नापास’ हा ठरला. याची घडण पाहा. ‘पास’ इंग्रजी, त्याला लागलेला ‘ना’ फारसी वळणाचा, नाराज, नालायक, नाइलाज यांत असतो तो. हिंदी मुलखात मुले ‘फेल’ होतात. मराठी आणि गुजराती मुले ‘नापास’ होतात. माझा तर्क असा, की आपल्या कानांना ‘नापसंत’ या शब्दाची सवय होती. त्याच्या शेजारी ‘नापास’ सहज रुजला. हा तर्क खरा असो वा नसो, मुलाच्या कानाला ते दोन शब्द फार जवळचे वाटतात यात मला शंका नाही. ‘तू गणितात नापास’ असे आपण म्हणतो. ‘तू नापसंत’ असे तो ऐकतो.

व्याकरणानेही येथे मुलाला दगा दिला आहे. ‘तो पास झाला’ या वाक्यात एक घटना आहे. ती एका दिवशी घडली आणि संपली. ‘नापास मुलगा’ म्हटले की क्रिया संपून विशेषण झाले. विशेषण माणसाला चिकटते. ‘नापासांची यादी’ म्हटले की विशेषणाचे नाम झाले. नाम तर माणसाची जागाच घेते. एका पेपरात चार गुण कमी पडले, ही गोष्ट तीन पायऱ्यांत माणसाचे नाव होऊन बसते.

कायद्यांनी यावर उपाय केले नाहीत असे नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाही मुलाला वर्गात मागे ठेवू नये असे ठरवले. २०१९च्या दुरुस्तीने पाचवीत आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. मध्यंतरी महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर कटू शेऱ्याऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असे शब्द घालण्याचाही प्रयोग झाला. हेतू चांगलाच होता. पण शब्द बदलल्याने नदी उथळ होत नाही. मुलाला न शिकवता वरच्या वर्गात ढकलणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पलीकडच्या काठाचा दाखला देणे होय. आणि न शिकवता मागे ठेवणे म्हणजे त्याला काठावर सोडून निघून जाणे होय. दोन्हींत मुलगा पाण्याबाहेरच राहतो.

परीक्षा हा शब्दसुद्धा असा कठोर नाही. ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘ईक्षा’ म्हणजे पाहणे. सर्व बाजूंनी पाहणे ती परीक्षा. इतके सर्वांगाने पाहून झाल्यावर सांगण्यासारखे एकच अक्षर उरावे, हा पाहणाऱ्याच्या दृष्टीचा दोष आहे.

कागदावरचा पास आणि जगाच्या दारातला पास यांत किती अंतर असू शकते, याची साक्ष या शहराच्या इतिहासात आहे. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांचे जाहीर अभिनंदन झाले. त्या समारंभात कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. सयाजीरावांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकून, शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास आले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. मुंबईच्या गाडीला वेळ होता. तो वेळ त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत काढला. तेथील संकल्पभूमी आज याची आठवण देते. निजामपुऱ्यापासून ती जागा फार लांब नाही.

या अनुभवांविषयी बाबासाहेबांनी जे टिपण इंग्रजीत लिहून ठेवले, त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. व्हिसा म्हणजे पारपत्रावरील प्रवेशाची अनुज्ञा. सातासमुद्रांपलीकडे जाऊन आलेला माणूस स्वतःच्या देशात प्रवेशाची अनुज्ञा मागतो आहे. ते शीर्षक वाचले की आपल्या ‘पास’ या शब्दाचे सगळे अर्थ एकदम जागे होतात. परीक्षेतला पास त्यांच्याजवळ होता, पारपत्र होते, राजाचा आश्रयही होता. उणीव होती ती फक्त आपल्या घरच्या ‘पास’ची. पार्श्व, कूस, बाजू. ‘या, आमच्यापाशी राहा’ असे म्हणणारे कोणी नव्हते.

म्हणून आता त्या घरच्या शब्दाला बोलावतो. आमच्या इमारतीत एका निकालाच्या दिवशी एक मुलगा जिन्यात गुडघ्यांत डोके घालून बसला होता. घरात जाण्याचे धैर्य त्याला होत नव्हते. शेजारच्या गुजराती बहेन दार उघडून बाहेर आल्या. निकाल काय, गुण किती, हे त्यांनी विचारले नाही. ‘पासे आव, बेटा,’ एवढेच म्हणाल्या आणि त्याला जेवायला बसवले. वर्षानुवर्षे व्युत्पत्ती शिकवून मला जे वर्गात नीट सांगता आले नसते, ते त्या बाईंच्या दोन शब्दांत होते. लॅटिन ‘पास’ म्हणतो, पुढे जा. संस्कृत ‘पास’ म्हणतो, जवळ ये. आणि जवळ कोणी असल्याशिवाय पुढे जाण्याचे बळ लहान मुलाला येत नाही.

शिक्षकाचे काम या दोन ‘पास’च्या मधोमध आहे. आपल्या पूर्वजांनी त्यासाठी एक फार सुंदर शब्द योजला होता. ‘तीर्थ’. आज तीर्थ म्हटले की पवित्र स्थान डोळ्यांसमोर येते. पण तोही ‘तॄ’ धातूचाच. नदीला जेथे उतार असतो, जेथे पाय टेकतो, जेथून माणसाला पलीकडे जाता येते ती जागा म्हणजे तीर्थ. संस्कृतात गुरूलाही तीर्थ म्हणतात. काव्यतीर्थ, न्यायतीर्थ या जुन्या पदव्या आपण ऐकल्या आहेत. एकाच गुरूजवळ राहून शिकणाऱ्यांना पाणिनीच्या व्याकरणात ‘सतीर्थ्य’ अशी संज्ञा आहे. आपण ज्याला वर्गमित्र म्हणतो त्याचे हे नाव. एकाच उतारावरून नदी पार केलेले, ते सतीर्थ्य.

आज या सभागृहात बसलेले माजी विद्यार्थी या अर्थाने एकमेकांचे सतीर्थ्य आहेत. कोणी विलायतेत आहे, कोणी मकरपुऱ्याच्या कारखान्यात आहे, कोणी दुकान चालवते. कोण पहिल्या फेरीत पलीकडे पोचले आणि कोणाला दुसऱ्यांदा पाण्यात उतरावे लागले, हे आज कोणाच्याही कपाळावर लिहिलेले नाही. उतार मात्र सर्वांचा एकच होता. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुवर्य म्हणजे तो उतार. नदी सर्वांना पार करावीच लागते. शिक्षक ती मुलाच्या वतीने पार करू शकत नाही. पण पाणी कोठे कमी आहे हे त्याला ठाऊक असते आणि तो तेथे उभा राहतो. मूल अजून अलीकडच्या काठावर असेल, तर ‘हा नापास’ असे सांगून मोकळे होण्यापूर्वी, उताराची जागा आपण त्याला दाखवली होती काय, हा प्रश्न शिक्षकाने, पालकाने आणि संस्थेने स्वतःला विचारावयाचा आहे. ‘उत्तीर्ण’ हा शब्द विद्यार्थ्याच्या नावापुढे लागतो, पण ‘तीर्थ’ हा शब्द आपल्या नावापुढे लागायचा आहे. दोन्ही एका धातूचे आहेत आणि एकावाचून दुसरा सिद्ध होत नाही.

शाळेची मराठी टिकेल का, बडोद्यात मराठी शाळांना मुले मिळतील का, ही चिंता आपणा सर्वांना आहे. तिच्यावर माझ्याजवळ एका वाक्याचा उपाय नाही. मात्र शाळा कोणत्याही भाषेची असो, तिच्यात येणाऱ्या मुलाला ‘पाशी’ या शब्दाचा अर्थ कळला, तर ‘पास’ या शब्दाचा अर्थ त्याला आपोआप कळेल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.